पेनड्राइव्ह लावूनही कॉम्प्युटर रखडतोय? या चुका टाळा

पेनड्राइव्ह लावून जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढतो, हे खोटं नाही. २००७ साली व्हिस्टाबरोबर विंडोजमध्ये ही सोय आली, तिचं नाव रेडीबूस्ट. गडबड होते ती समजुतीत. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावला की रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, ८ जीबीने वाढली, असं अनेकांना वाटतं. रॅम आहे तेवढीच राहते.

मग होतं काय? हार्ड डिस्कच्या तबकडीवर विखुरलेले बारीकसारीक तुकडे गोळा करताना वाचणाऱ्या हेडला सारखी जागा बदलावी लागते आणि दर वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. रेडीबूस्ट या तुकड्यांची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवतं. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ते तिथून लवकर मिळतात. मोठी सलग फाइल मात्र हार्ड डिस्कच भराभर देते. त्यामुळे सिनेमा कॉपी करून वेग तपासू नका. रोजचे प्रोग्रॅम उघडायला किती वेळ लागतो ते आधी आणि नंतर घड्याळ लावून बघा, आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्ट चालूच होत नसेल, तर बहुधा पेनड्राइव्ह मंद आहे. किमान २५६ एमबी जागा रिकामी हवी आणि बारीक तुकडे सेकंदाला निदान २.५ एमबी वेगाने वाचता यायला हवेत. स्वस्तातले, फुकट वाटलेले पेनड्राइव्ह इथेच अडकतात. वेग वाढवण्याच्या नादात कुणी सिसमेन ही विंडोजची मागे चालणारी सर्व्हिस बंद केली असेल तरी अडतं. ती पुन्हा चालू करा. जुन्या विंडोजमध्ये तिचं नाव सुपरफेच होतं.

पेनड्राइव्हची फॉरमॅट (फाइली मांडायची पद्धत) फॅट३२ असेल तर ४ जीबीपुढची जागा वाया जाते. विंडोज ७ पासून ती बदलून एनटीएफएस किंवा एक्सफॅट केल्यास ३२ जीबीपर्यंत वापरता येते. पण फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, आणि हीच चूक मला सर्वांत जास्त लागते. घरच्या लग्नाचे फोटो ज्या एकाच पेनड्राइव्हवर आहेत, तो या कामाला कधीही घेऊ नका. सतत लिहिण्याने पेनड्राइव्ह झिजतोही.

मध्येच उपसला तर? डेटा जात नाही, कारण मूळ प्रत हार्ड डिस्कवर असते. पेनड्राइव्हवरची नक्कल सांकेतिक रूपात असल्याने दुसऱ्याला वाचताही येत नाही.

नवा पेनड्राइव्ह विकत घेण्याआधी टास्क मॅनेजर, म्हणजे रॅम आणि डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा. रॅम १-२ जीबीच असेल आणि डिस्क कायम १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तरच फरक जाणवेल. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर तेच पैसे छोट्या एसएसडीसाठी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कसाठी, ठेवा. २.५ इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. ती बसली की कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे असं सांगून विंडोज स्वतःच रेडीबूस्ट नाकारतं. तो बिघाड नाही, पेनड्राइव्ह काढून घ्या.