मलेरियाच्या चोवीस गोळ्या चोवीसच घ्यायच्या

मलेरियाच्या भागात बाहेरून नवीन माणूस आला की आम्ही जुने लोक त्याला घर, बँक, सिमकार्ड सगळं समजावून सांगतो. मलेरियाचा विषय निघाला की मात्र "मच्छरदाणी लाव, ताप आला तर गोळ्या घे" एवढ्यावर गाडी थांबते. गोळ्या कशा घ्यायच्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची किंमत मी पहिल्याच वर्षी मोजली. म्हणून मच्छरदाणीचं राहू द्या, मी फक्त गोळ्यांबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे औषधाच्या बाबतीत इथेच वाढलेल्यांचं ऐकू नका. मलेरियाच्या भागात लहानाचे मोठे झालेल्यांना तो इतक्यांदा होऊन गेलेला असतो की शरीर थोडंफार सरावतं. त्यांनाही ताप येतो, पण बहुधा निभावून जातं. "आम्हाला दरवर्षी होतो, दोन दिवस झोपलं की बरं वाटतं" हे त्यांचं खरं असतं, पण ते तुम्हाला लागू नाही. बाहेरून आलेल्या माणसाकडे ती ढाल नसते. लहानपणी असली तरी मलेरिया नसलेल्या ठिकाणी काही वर्षं काढली की ती उतरते. फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे सगळ्यांत घातक मलेरिया उपचाराविना राहिला तर असा माणूस एका दिवसात अत्यवस्थ होऊ शकतो. तेव्हा ताप आला की त्याच दिवशी तपासणी. सोमवारपर्यंत वाट बघायची नाही.

तपासणी आधी, गोळी नंतर. बोटातून एक थेंब रक्त, आणि पंधरा-वीस मिनिटांत किटवर उत्तर. सोय असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीही बघून घ्या, त्यात जंतू कोणत्या जातीचा आणि किती आहेत तेही कळतं. थंडी वाजून आलेला प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. अंदाजाने गोळ्या घेतल्या तर खरा आजार मागे दडून वाढत राहतो. तपासणीत काही निघालं नाही आणि ताप हटत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी जंतू कधीकधी इतके कमी असतात की सापडत नाहीत.

फॅल्सिपेरमसाठी बहुतेक ठिकाणी डॉक्टर जी गोळी लिहून देतात तिच्यात दोन औषधं असतात, आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन. पहिलं झपाट्याने काम करतं पण काही तासांत शरीराबाहेर जातं. दुसरं सावकाश चालतं, पण दिवसेंदिवस रक्तात टिकतं आणि उरलेसुरले जंतू संपवतं. हे नीट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे. 35 किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या माणसाला साधारणपणे एका वेळी 4 गोळ्या, असे 3 दिवसांत 6 डोस, म्हणजे एकूण 24 गोळ्या असतात. मुलांचा हिशोब वजनावर, वयावर नाही. म्हणून मोठ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मोडून मुलाला देऊ नका.

लोक चुकतात ते दुसऱ्या डोसला. "सकाळ-संध्याकाळ" एवढंच कानावर पडलेलं असतं, पण दुसरा डोस पहिल्यानंतर 8 तासांनी घ्यायचा असतो. पहिला रात्री दहाला घेतलात तर पहाटे सहाचा गजर लावा. मग पुढचे दोन दिवस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आणि रिकाम्या पोटी नको. ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषलं जातं. तापात तोंडाला चव नसते, जेवण जात नाही, अशा वेळी निदान सायीसकट दूध किंवा थोडं तेलतुपाचं काही पोटात घालूनच गोळ्या घ्या. गोळ्या वेळच्या वेळी गिळूनही मलेरिया उलटतो, त्यामागे कित्येकदा हेच कारण असतं.

आता माझं ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप पार उतरला. चार डोस झाले होते, 16 गोळ्या. मी स्वतःला शहाणा समजलो आणि उरलेल्या 8 गोळ्या पुढच्या वेळेसाठी खणात टाकल्या. तीन आठवड्यांनी तोच ताप, पहिल्यापेक्षा जोरात. डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "पट्टी रिकामी केली होती का?" ताप उतरला तो झपाट्याच्या औषधामुळे. सावकाश चालणाऱ्याचं काम तेव्हा अर्धवटच झालं होतं. त्या 8 गोळ्यांची गोष्ट तिथेच संपत नाही. मधल्या काळात मी त्या गोळ्या माझ्या खोलीतल्या मित्राला ताप आला तेव्हा देऊ केल्या होत्या. नशिबाने तो आधी तपासणीला गेला. त्याला टायफॉईड निघाला.

गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो. पाकिटातल्या गोळ्या मोजून दिलेल्या असतात, त्यामुळे एक डोस कमी पडतो. तो लगेच मागून घ्या. पुन्हा उलटी झाली तर घरी प्रयोग करत बसू नका. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं.

चिठ्ठी घेताना डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काही गोष्टी आपणहून सांगा. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, क्षयासाठी रिफॅम्पिसिन, फिटसाठी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, एचआयव्हीची औषधं, गरोदरपण, अंगावर पाजणं. रिफॅम्पिसिन आणि फिटच्या त्या गोळ्या मलेरियाच्या औषधाचा रक्तातला अंश खाली आणतात. येताना प्रतिबंधक म्हणून काही गोळ्या घेत होतात का, तेही सांगा. ज्या औषधावर असताना मलेरिया झाला, तेच औषध उपचाराला वापरत नाहीत.

व्हायव्हॅक्स जातीचं प्रकरण निराळं. त्याचे जंतू यकृतात दबा धरून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन लागतं, बहुधा 14 दिवस. ताप तर तिसऱ्या दिवशीच गेलेला असतो, त्यामुळे उरलेले दिवस गोळी घेणं जिवावर येतं. मी फोनमध्ये गजर लावून काढले. पण त्याआधी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी करा. हे एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतःच कमी असतं, आणि अशा माणसाच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटतात. लघवी काळपट चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत.

बाकी डोकेदुखी, चक्कर, मळमळ, भूक न लागणं हे आजारामुळेही होतं आणि औषधामुळेही, त्याने घाबरू नका. तापाला पॅरासिटामॉल चालतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, फिट आली, उठून बसवेना, श्वास जोरात चालू लागला, लघवी जवळजवळ बंद झाली, तर गोळ्या बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालयात न्या. मध्यरात्र असली तरी.

औषध परवानाधारक दुकानातून घ्या. सुट्या, पट्टीविना विकलेल्या गोळ्या नकोत, मलेरियाच्या औषधांत नकली माल बराच असतो. नुसत्या आर्टेमिसिनिन गटातल्या (आर्टेमेथर त्यातलंच), दुसऱ्या औषधाची जोड नसलेल्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्येच तशा एकेरी गोळ्या बाजारातून काढायला सांगितलं, कारण अर्धवट मारलेले जंतू औषधाला सरावतात. गोळ्या गाडीच्या कप्प्यात किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णतेने खराब होतात.

बरं झाल्यावर हौसेने पुन्हा किट लावून घाबरू नका. काही किट जंतू मेल्यानंतरही कित्येक आठवडे रेघ दाखवत राहतात. शंका असेल तर काचपट्टीच करा.

सुट्टीवर गावी गेलात आणि तिथे ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी मलेरियाच्या भागातून आलोय. व्हायव्हॅक्स महिन्यांनीही उठतो, त्यामुळे परत गेल्यावर वर्षभर हे सांगत राहा. तिकडच्या डॉक्टरांच्या मनात मलेरिया येईलच असं नाही. मी तर रिकाम्या पट्टीचा फोटो आणि उपचाराच्या तारखा फोनमध्येच ठेवतो.