सोलापूरच्या बाजारात पाहुण्यांना खाऊ घालत फिरवायचं तर

पहिला घोळ होतो तो क्रमाचा. मधला मारुती, टिळक चौक, मंगळवार पेठ या गर्दीत शिरलं की पाहुणे थेट लालभडक शेंगाचटणीकडे वळतात. ती आधी चाखली तर लसूण-तिखटानं जीभ चरचरते आणि पुढचं सगळं एकाच चवीचं लागतं. म्हणून आधी ज्वारी द्या.

आठ जणांना दोन कडक भाकऱ्या पुरतात, प्रत्येकी चतकोर. पहिला तुकडा नुसताच चावायला सांगा. ज्वारीचा गोडवा तेव्हाच कळतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ते सांगायची वेळ हीच. भाकरी मोडताना कट् आवाज आला पाहिजे. वाकली तर सादळलेली आहे, दुसरी मागा. पावसाळ्यात हे हमखास होतं.

मग चटणी, माणशी अर्धा चमचा, वर चमचाभर घट्ट दही. चिमूट बोटांत चोळून दाखवा. उखळात कुटलेली असेल तर दाण्याचं तेल सुटून बोटं तेलकट होतात आणि चटणीचे मऊ गोळे राहतात. मिक्सरची बहुधा कोरडी, भुगा झालेली असते. वरून तेल ओतून ती ओलसर केलेलीही मिळते, पण ते तेल बरणीच्या तळाशी साचतं. खवट वास आला की पुढचं दुकान गाठा. दाणे जुने असले तर लसूण कितीही घाला, झाकत नाही.

शेंगापोळी शेवटी. भाजलेल्या दाण्याचा कूट आणि गूळ असं सारण असतं, म्हणून एक पोळी चौघांत वाटली तरी भरपूर.

निघण्याआधी एक प्रश्न विसरू नका: शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का? चटणीत दाणे, पोळीत दाणे, आमटीतही दाण्याचा कूट. असं कुणी असेल तर ‘थोडंच खा’ म्हणून भागत नाही. त्यांच्यासाठी ही फेरीच नको. लसूण न खाणाऱ्यांना चटणीऐवजी दही-भाकरी द्या.

वेळ सकाळची धरा, दोन तास पुरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा अकराच्या आत आटपा. सहा ते आठच माणसं घ्या. त्याहून जास्त झाली तर दुकानाचं तोंड अडतं आणि गिऱ्हाईक खोळंबलं की दुकानदाराचा चेहराच सांगतो. किती जण येणार ते त्याला आदल्या दिवशी कळवा, आणि चाखण्याचेही पैसे द्या. फुकटची चव एकदाच मिळते.

शीक कबाब याच फेरीत कोंबू नका. त्यासाठी संध्याकाळी विजापूर वेस वेगळी करा. हुरडाही थंडीतलाच, आणि तो शेतात.

परतताना कडक भाकऱ्या सामानात सगळ्यांत वर ठेवायला सांगा. चादरींच्या गठ्ठ्याखाली गेल्या तर घरी चुराच पोचतो. तसा पोचलाच, तर गरम आमटीत कालवा.