अतिवृष्टीचं अनुदान अडकलं तर: आमच्या गावातला अनुभव

सप्टेंबर 2025च्या पुरानंतर मराठवाड्यात एकच तक्रार होती: यादीत नाव आहे, पैसे नाहीत. आमच्याकडे बहुतेक प्रकरणं बँकेतच अडली होती. खात्याला आधार जोडलेलं असलं तरी ते एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅप, म्हणजे अनुदानासाठीचं खातं म्हणून नोंदलेलं, असेलच असं नाही, आणि डीबीटीची (सरकारकडून थेट खात्यात येणारी) रक्कम मॅप असलेल्या खात्यातच पडते. कधी ते जुनं, विसरलेलं खातं निघतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. चूक असेल तर शाखेत सीडिंगचा (आधार-खाते जोडणीचा) अर्ज देऊन पोच घ्या.

मग तलाठ्याकडून यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा. राबणाऱ्या हातांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत, म्हणून ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या.

सामाईक गटात (एकाच जमिनीवर अनेकांची नावं असतील तर) इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. खातेदार मयत असेल तर आधी वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसाचं नाव लावणं. याला वेळ लागतो, तेव्हा हे काम पहिल्याच दिवशी सुरू करा.

पीक आणि जमीन यांची मदत वेगळी. पिकासाठी 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं; खरडलेल्या जमिनीची नोंद पंचनाम्यात स्वतंत्र करून घ्या. पंचनाम्याआधी रान सपाट करू नका. घाई समजते, पण पुरावाच जातो.