पुराणकथेचं विनोदी रूपांतर लिहिताय? या चुका टाळा

गणेशोत्सव किंवा गॅदरिंग जवळ आलं की पुराणातल्या पात्रांवर प्रहसनं लिहायला घेतली जातात, आणि बहुतेकांची गाडी पहिल्याच पानावर रुळावरून घसरते. पात्राच्या हातात मोबाइल दिला की कथा आजची झाली, असं लिहिणारा धरून चालतो.

यम-सावित्रीचं प्रहसन घ्या, दर वर्षी कुठे ना कुठे होतंच. यम लॅपटॉप घेऊन येतो. चित्रगुप्ताचा सर्व्हर डाउन असतो, रेड्याला पार्किंग मिळत नाही, सत्यवानाचं आधार लिंक झालेलं नसतं. पहिली तीन मिनिटं हशा येतो. पुढे तोच विनोद नव्या वस्तूवर होत राहतो आणि लोकांना तो आधीच कळायला लागतो. शेवटी सत्यवान परत द्यायचा असतो, पण त्याची तयारी कुठेच केलेली नसते. मग सावित्री रडते, यम विरघळतो, सगळे मिळून नाचतात. मागच्या रांगा तोवर रिकाम्या झालेल्या असतात.

आता महाभारताच्या वनपर्वातली मूळ कथा वाचा. यम वर देतो, पण 'सत्यवानाचे प्राण सोडून' अशी अट घालून. सावित्री सासऱ्यांची दृष्टी मागते, मग त्यांचं गेलेलं राज्य, मग आपल्या वडिलांना 100 पुत्र. चौथ्या वेळी ती सत्यवानापासून स्वतःला 100 पुत्र मागते आणि यम 'दिले' म्हणून मोकळा होतो. पाचव्या वराच्या वेळी तो अट घालतच नाही आणि सावित्री ते बरोबर हेरते. विनोदाचं सगळं यंत्र इथे तयार आहे. यमाला कर्ज मंजूर करणारा बँक अधिकारी करा. चार वेळा तीच अट त्याच शब्दांत, त्याच सुरात म्हणायला लावा आणि पाचव्यांदा गाळा. यमाच्या आधी प्रेक्षकांना कळलं पाहिजे, म्हणून तिथे दोन सेकंद थांबा. लॅपटॉप लागणारही नाही.

म्हणून एकही संवाद लिहिण्याआधी कागदावर तीन ओळी लिहायच्या: कथेतली अट काय, ती कुणाला जड जाते, मोडली तर काय भोगावं लागतं. त्यानंतर एकच गोष्ट बदलायची, एक तर धंदा नाही तर जागा. अज्ञातवासात ओळखले गेले तर पांडवांना पुन्हा 12 वर्षं वनवास आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नावाने राबणारा भीम आजच्या हॉटेलच्या किचनमध्ये आणलात, तर मोबाइलला खरं काम मिळतं, कारण एका सेल्फीची किंमत 12 वर्षं होते. या तीन ओळी लिहायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी निवेदन करावं.

दुसरी चूक म्हणजे मालिकेत पाहिलं तेच मूळ समजणं. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणते, हेही व्यासांच्या सभापर्वात नाही. तिथे हसतात ते भीम, त्याचे भाऊ आणि सेवक. रूढ कथा जरूर वापरा, पण ती रूढ आहे हे माहीत असू द्या. मूळ कथा बऱ्याचदा जास्त गमतीची असते. कुंभकर्ण सगळे झोप आणि जेवणावरच संपवतात. युद्धकांडात त्याला उठवायला ढोल, शंख, अंगावरून हत्ती, अन्नाचे ढीग असा सगळा खटाटोप होतो, आणि उठून दरबारात गेल्यावर तो पहिल्यांदा रावणालाच सुनावतो. लंकेत जागे असलेल्या बहुतेकांना जे बोलता आलं नाही, ते हा झोपेतून उठून बोलतो. एवढा ऐवज सोडून लोक घोरण्याचे आवाज काढत बसतात.

सगळी पात्रं एकाच बोलीत बोलवू नका. कोकणच्या दशावतार या लोकनाट्यात संकासुर हा राक्षस मालवणीत बोलतो, म्हणूनच समोरच्या पात्राच्या भारदस्त भाषेशी त्याची जुगलबंदी रंगते. तुमच्याकडेही एकाने 'तथास्तु' म्हणावं, दुसऱ्याने 'बरं चालतंय' म्हणावं.

मंथरेचं कुबड, गणपतीचं पोट, शूर्पणखेचं नाक यांवर विनोद नकोत. पात्राने स्वतः जे ठरवलं, जे वचन दिलं, त्यावरच हसवा. लोक दुखावतात ते बहुतेक वेळा शरीरावरच्या आणि बायकांवरच्या स्वस्त विनोदांनी.

चालू घडामोडींवरचे टोले वेगळ्या कागदावर ठेवा आणि प्रयोगाच्या दिवशी घाला. तमाशातल्या गौळणीत सांगाडा ठरलेला असतो: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्यासोबत मावशी, वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या. मधलं बोलणं मात्र त्या गावचं, त्या दिवसाचं असतं.

मोठ्याने वाचून 12 मिनिटं झाली, तर रंगमंचावर 15 धरा. हशा आणि ये-जा यांत तीन मिनिटं सहज जातात.

शेवटच्या दोन तालमी मुकुट घालूनच करा. मुकुट सैल असला की नट मान हलवत नाही आणि अर्धा अभिनय तिथेच संपतो. आतून स्पंजची पट्टी चिकटवली की तो घट्ट बसतो. नारदाच्या एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या असतात, त्याच्यासाठी कॉलर माइक आधीच सांगून ठेवा.