दृश्य बघत ब्रशने ड्रम कसा वाजवायचा

पडद्याकडे बघत वाजवायचं म्हटलं की जॅझवाल्यांना पॅरिसमधली डिसेंबर १९५७ ची ती रात्र आठवते. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या चित्रपटासाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि मंडळींनी दृश्यांचे तुकडे समोर चालू ठेवून संगीत वाजवलं. पियानोवर रने युर्त्रेजे, बासवर पिएर मिशलो, ड्रमवर केनी क्लार्क. तेव्हा क्लार्क पॅरिसमध्येच राहत होता. त्याचा ब्रश (काठीऐवजी वापरायचा तारांचा झुपका) मन लावून ऐका, पण स्वतः ब्रश उचलण्याआधी लय दृश्याशी जुळवायला कागद-पेन्सिल घ्या.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, म्हणजे मिनिटाला १४४०. एका मात्रेत जितक्या फ्रेम, त्याने १४४० ला भागलं की लय मिळते. १५ फ्रेमची मात्रा म्हणजे ९६ ची लय, मिनिटाला ९६ मात्रा; ४० सेकंदांच्या दृश्यात ६४ मात्रा, म्हणजे चार-चार मात्रांचे १६ गट, बार. आता समजा, बरोबर २६ सेकंदांवर दार आपटतं. ६२४ भागिले १५ म्हणजे ४१.६, दार दोन मात्रांच्या मध्ये अडकलं. मात्रा १६ फ्रेमची करा. लय ९० वर येते, ३९ मात्रा पूर्ण होतात आणि दार चाळिसाव्या, म्हणजे दहाव्या बारच्या चौथ्या मात्रेवर नेमकं पडतं. युरोपातल्या टीव्हीची प्रत २५ फ्रेमची असते. तिथे १४४० धरलंत तर मिनिटाला ६० फ्रेमचा घोळ होतो.

स्नेअरला (समोरच्या मुख्य ड्रमला) खरखरीत थर दिलेलं कोटेड हेडच, म्हणजे वरचं पान, हवं. गुळगुळीत हेडवर ब्रशच्या तारा नुसत्या घसरतात. डावा ब्रश गोल फिरवा, दोन मात्रांत एक फेरी. उजव्याने 'डिंग, डिंग-ग-डिंग', पायाने हाय-हॅट (पायपट्टीने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. उजवा जिथे टेकतो, त्याच्या समोरच्या बाजूला डावा असायला हवा, नाहीतर तारा तारांत अडकतात. ब्रश दाबू नका. त्याचं स्वतःचं वजन पुरतं. दाबला की रेशमी सळसळ जाऊन खरवडल्यासारखं ऐकू येतं. फेरीच्या वाटेवरचा थर झिजून आवाज पातळ झाला की हेड बदला.

सगळ्यात जपायचं ते संवादाला. ब्रशची सळसळ आणि बोलण्यातले स, श एकाच उंच पट्टीत येतात. शब्द पुसट होतात. पात्र बोलू लागलं की डावा हात उचला, पायाचा हाय-हॅट तेवढा चालू ठेवा. बोलणं संपलं म्हणून लगेच हात टेकवू नका, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेपर्यंत थांबा.