मागच्या गाडीची पावती पुढच्या गाडीला: मेसेज क्यूत रिप्लाय जुळवताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर काही हंगाम माझ्याकडे होतं. गाळप जोरात असताना एकदा रात्री काट्यावरून फोन आला. "साहेब, मागच्या गाडीचं नाव पुढच्या पावतीवर पडतंय बघा." क्लार्कनं काटा बंद करून गाड्या थांबवल्या होत्या, आणि फार बरं केलं. पावतीवरचं वजन बरोबर होतं, गाडी नंबर बरोबर होता, वेळही बरोबर. फक्त शेतकऱ्याचं नाव आणि खाते नंबर आधीच्या खेपेचे होते. हे पंधरवड्याच्या बिलात उघड झालं असतं, तर वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचे पैसे दुसऱ्याच्याच खात्यावर गेले असते.

रचना साधी होती. काट्यावरचा प्रोग्राम तोडचिठ्ठीचा नंबर एका क्यूवर, म्हणजे प्रोग्राम एकमेकांसाठी मेसेज ठेवतात त्या रांगेवर, टाकायचा. ऑफिसातल्या सर्व्हरवरचा प्रोग्राम तो उचलून शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि उसाची जात दुसऱ्या क्यूवर परत टाकायचा. काट्याचा प्रोग्राम पाच सेकंद वाट बघायचा आणि उत्तर आलं की पावती छापायचा. मधे आयबीएम एमक्यू, म्हणजे अशा क्यू सांभाळणारं सॉफ्टवेअर, होतं. मी आधी डेटाबेस तपासला, तिथं सगळं जागच्या जागी होतं. सर्व्हरनं प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं होतं. फक्त ते उत्तर चुकीच्या गाडीनं उचललं होतं.

हा विषय सांगली-मिरजेतल्या नव्या प्रोग्रामरना समजावून सांगताना मी एका गोष्टीवर अडून बसतो: कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे क्यूला कळत नाही. क्यू मेसेज ठेवून घेते आणि मागितला की देते. प्रश्न आणि उत्तर यांची जोडी लावणं हा विचारणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या प्रोग्राममधला करार आहे. दोघांपैकी एकानं जरी तो मोडला, तरी एरर येईलच असं नाही. बऱ्याचदा सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसत राहतं.

करार असा. प्रत्येक मेसेजला एक मेसेज आयडी असतो आणि शेजारी कोरिलेशन आयडीचा रकाना असतो. उत्तर देणाऱ्यानं प्रश्नाचा मेसेज आयडी उचलून उत्तराच्या कोरिलेशन आयडीत टाकायचा. विचारणाऱ्यानं आपला मेसेज आयडी जपून ठेवायचा आणि तोच कोरिलेशन आयडीत असलेलं उत्तर मागायचं. ईमेलमध्येही असंच चालतं. मूळ पत्राचा मेसेज-आयडी उत्तराच्या 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत जातो, आणि १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकातही हे दोन्ही रकाने आहेत.

जुनाच डिस्क्रिप्टर पुन्हा वापरणं

आमच्या काट्यावर घोळ झाला तो इथं. आयबीएम एमक्यूमध्ये प्रत्येक मेसेजसोबत एमक्यूएमडी नावाचा डिस्क्रिप्टर, म्हणजे मेसेजच्या माहितीचा तक्ता, जातो. त्यात मेसेज आयडीची जागा रिकामी, म्हणजे शून्यांनी भरलेली, असेल तर क्यू मॅनेजर (क्यू चालवणारा एमक्यूचा प्रोग्राम) नवा आयडी तयार करतो आणि पुट, म्हणजे मेसेज क्यूवर टाकणं, झाल्यावर तो त्याच डिस्क्रिप्टरमध्ये लिहून परत देतो. आता लूपमध्ये तोच डिस्क्रिप्टर घेऊन पुढचा मेसेज टाकला, तर जागा रिकामी नसते. क्यू मॅनेजरला वाटतं, हा आयडी प्रोग्रामनं मुद्दाम दिलाय. तो बिनतक्रार तोच वापरतो. आमच्या प्रोग्राममध्ये प्रोग्राम सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या गाड्यांचे प्रश्न एकाच मेसेज आयडीनं जात होते.

मग इतके दिवस काही बिघडलं कसं नाही? एका वेळी एकच गाडी काट्यावर उभी असायची, आणि उत्तर लगेच यायचं. त्या रात्री सर्व्हरवर एक मोठा रिपोर्ट चालू होता, म्हणून एक उत्तर सातव्या सेकंदाला आलं. काट्याचा प्रोग्राम पाच सेकंदांनी थांबला होता आणि क्लार्कनं ती पावती हातानं लिहिली होती. उशिरा आलेलं उत्तर क्यूवर पडून राहिलं. पुढची गाडी आली, तिचा प्रश्न त्याच आयडीनं गेला, आणि गेटला, म्हणजे क्यूवरून मेसेज उचलणाऱ्या कॉलला, आधीपासून पडलेलं उत्तर आयतंच मिळालं. त्या गाडीचं स्वतःचं उत्तर मागून आलं ते तिसऱ्या गाडीनं उचललं. सगळी रांग एक घर सरकली आणि नंतर आपोआप जागेवर येणं शक्यच नव्हतं.

पावत्या, ऑर्डर, रिपोर्ट अशा 'एकानं पुढे सरकलेल्या' दिसल्या, की दुसरीकडे शोधत बसू नका. आधी आयडी बघा. उपाय दोन आहेत: दर पुटच्या आधी मेसेज आयडीत 'एमक्यूएमआय नन', म्हणजे सगळी शून्यं, भरायचं, किंवा पुटच्या पर्यायांत 'न्यू मेसेज आयडी' सांगायचं. मी दुसरा वापरतो, कारण पुढे कुणी कोड हलवला तरी तो पर्याय पुटला चिकटूनच राहतो.

गेटच्या बाजूनं हीच चूक उलटी दिसते. गेट झाल्यावर मिळालेल्या मेसेजचे दोन्ही आयडी डिस्क्रिप्टरमध्ये भरले जातात. डिफॉल्ट वागणूक दोन्ही आयडी जुळवण्याची असल्यामुळे, तोच डिस्क्रिप्टर तसाच घेऊन केलेलं पुढचं गेट नुकत्याच वाचलेल्या मेसेजसारखा दुसरा मेसेज शोधत बसतं. तो नसतो, म्हणून २०३३ येतो, म्हणजे 'मेसेज उपलब्ध नाही'. क्यूवर शंभर मेसेज दिसतायत आणि प्रोग्राम पहिल्यानंतर २०३३ देतोय, ही तक्रार घेऊन येणारा हमखास इथंच अडकलेला असतो.

तिसरा प्रकार थोडा फसवा आहे. उत्तर मागताना कोरिलेशन आयडी बरोबर भरला, पण मेसेज आयडीच्या जागी प्रश्नाचा आयडी तसाच राहिला. उत्तराला स्वतःचा नवा मेसेज आयडी असतो. त्यामुळे एक रकाना जुळतो, दुसरा जुळत नाही, आणि पुन्हा २०३३. उत्तर मागताना मेसेज आयडी रिकामा ठेवा, किंवा जुळणीच्या पर्यायांत फक्त कोरिलेशन आयडी सांगा.

आयडीला अक्षरं समजणं

आयबीएम एमक्यूमध्ये हे दोन्ही आयडी २४ बाइटचे असतात. बाइटचे, अक्षरांचे नाहीत. क्यू मॅनेजरनं बनवलेल्या मेसेज आयडीची सुरुवात वाचता येते. आधी 'एएमक्यू' आणि एक मोकळी जागा, मग क्यू मॅनेजरच्या नावाची पहिली बारा अक्षरं. त्यामुळे आख्खा आयडी म्हणजे मजकूरच असावा असं वाटतं. पुढचे बाइट मात्र कसलेही असू शकतात, त्यात शून्यसुद्धा येतं. सीमध्ये स्ट्रिंग म्हणून कॉपी केलं तर पहिल्या शून्यापाशी कॉपी थांबते. जावात यूटीएफ-८ समजून स्ट्रिंग बनवली तर न बसणारे बाइट बदलले जातात आणि मूळ आयडी परत मिळत नाही. डेटाबेसमध्ये ठेवायचा असेल तर हेक्समध्ये ठेवा, ४८ अक्षरं होतात.

लॉगमध्येही पूर्ण ४८ अक्षरं छापा. सुरुवातीची दहा-बारा छापली तर सगळे मेसेज एकसारखेच दिसतात, कारण वेगळेपण असतं ते शेवटी.

क्यू मॅनेजरला नाव देतानाही याची आठवण ठेवा. आयडीत नावाची पहिली बाराच अक्षरं जात असल्यामुळे, एकमेकांशी बोलणाऱ्या क्यू मॅनेजरांची नावं त्या बारा अक्षरांतच वेगळी असली पाहिजेत. कारखान्याचं लांबलचक नाव आधी लावून शेवटी एक-दोन-तीन आकडे देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. आकडे पुढे घ्या.

उत्तर देणाऱ्यानं करार न पाळणं

विचारणारा प्रश्नासोबत सांगतो, की मेसेज आयडी कोरिलेशन आयडीत कॉपी करा, किंवा माझा कोरिलेशन आयडीच तसाच पुढे द्या. ही सूचना डिस्क्रिप्टरच्या रिपोर्ट रकान्यात असते. पहिला प्रकार डिफॉल्ट आहे. साध्या उत्तराच्या बाबतीत क्यू मॅनेजर हे काम करत नाही, उत्तर देणाऱ्या प्रोग्रामनं करायचं असतं. सर्व्हर दुसऱ्या टीमनं लिहिला असेल तर हे आधी बोलून घ्या. एकानं एक धरलं आणि दुसऱ्यानं दुसरं, तर उत्तरं येत राहतात आणि एकही जुळत नाही.

उत्तर कुठं टाकायचं हेही डिस्क्रिप्टरमध्ये असतं: रिप्लाय क्यूचं नाव आणि तिच्या क्यू मॅनेजरचं नाव. दोन्ही वापरा. नुसत्या क्यूच्या नावानं उघडायला गेलात आणि ती क्यू दुसऱ्या मॅनेजरवर असली, तर २०८५ येतो, म्हणजे या नावाची क्यू सापडत नाही. आणि रिप्लायसाठी टेंपररी डायनॅमिक क्यू वापरत असाल, तर तिच्यावर पर्सिस्टंट (क्यू मॅनेजर बंद पडला तरी टिकणारा) मेसेज चालत नाही, २०४८ येतो. प्रश्न पर्सिस्टंट होता म्हणून उत्तरही तसंच ठेवलं, की हे घडतं.

वेळेची एककं

गेटमध्ये किती वेळ थांबायचं ते मिलिसेकंदांत असतं. मेसेजची मुदत, म्हणजे एक्स्पायरी, सेकंदाच्या दहाव्या भागात असते. पाच सेकंदांसाठी पहिल्यात ५००० आणि दुसऱ्यात ५०. दोन्हीकडे ५००० लिहिलं तर मेसेज आठ मिनिटं वीस सेकंद जिवंत राहतो.

मुदत घाला, हे मी आग्रहानं सांगेन. विचारणारा पाच सेकंदांनी निघून जाणार असेल तर त्यानंतर त्या उत्तराला वाली नाही. प्रश्नाला मुदत घातली तरी उत्तराला ती आपोआप लागत नाही. सर्व्हरनं प्रश्न उचलला तेव्हा डिस्क्रिप्टरमध्ये उरलेली मुदत दिसते, तीच उत्तराला लावायची. आमच्या काट्यावर एवढं केलेलं असतं, तर एकच आयडी असूनही त्या रात्रीची गडबड तशी झाली नसती.

कमिट न करताच वाट बघणं

प्रश्न सिंकपॉइंटखाली, म्हणजे कमिट केल्यावरच पक्क्या होणाऱ्या व्यवहारात, टाकला असेल तर कमिट होईपर्यंत तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही. कमिटच्या आधीच उत्तराची वाट बघत बसलात, तर सर्व्हरला प्रश्न पोचलेलाच नसतो. दरवेळी नेमका टाइमआउट आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही, ही त्याची खूण. सर्व्हरच्या बाजूनं मात्र प्रश्न उचलणं आणि उत्तर टाकणं एकाच सिंकपॉइंटमध्ये हवं.

रॅबिटएमक्यूवर सामाईक रिप्लाय क्यू

आयबीएम एमक्यूमध्ये चार काटे एकच रिप्लाय क्यू वापरू शकतात, कारण प्रत्येक जण आपल्या कोरिलेशन आयडीचंच उत्तर मागतो. ही सवय घेऊन रॅबिटएमक्यू या दुसऱ्या क्यू सॉफ्टवेअरकडे गेलेले लोक अडकतात. तिथं कन्झ्युमरला, म्हणजे मेसेज घेणाऱ्या प्रोग्रामला, कोरिलेशन आयडीनुसार मेसेज निवडता येत नाही. एका क्यूवर चार कन्झ्युमर असले की मेसेज आळीपाळीनं वाटले जातात. पहिल्या काट्याचं उत्तर तिसऱ्याला मिळतं. तिसरा ते टाकून देतो, नाहीतर परत क्यूत ढकलतो आणि मग तोच मेसेज गरागरा फिरत राहतो. प्रत्येक क्लायंटला स्वतःची एक्सक्लुझिव्ह क्यू द्या, किंवा आवृत्ती ३.४.० पासून आलेली डायरेक्ट रिप्लाय-टू सोय वापरा. तिच्यासाठी नो-ॲक मोडमध्ये, म्हणजे मेसेजची पोच न देता, ऐकावं लागतं, आणि ज्या चॅनलवर ऐकता त्याच चॅनलवरून प्रश्न पाठवावा लागतो. स्वतःच्या क्यूवर आलेल्या उत्तराचा कोरिलेशन आयडीही तपासाच. उशिरा आलेलं मागचं उत्तर तिथंही असू शकतं.

जेएमएस, म्हणजे जावाचं मेसेजिंग, वापरणाऱ्यांसाठी एवढंच: जेएमएस मेसेज आयडी सेंड झाल्यानंतरच मिळतो. आधी वाचून जपून ठेवलेला काही कामाचा नाही.

टाइमआउटला नकार समजणं

उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही, असा होत नाही. नाव विचारण्यापुरता प्रश्न असेल तर पुन्हा विचारायला हरकत नाही. पण 'हे वजन नोंदवा' असा मेसेज असेल आणि टाइमआउटनंतर क्लार्कनं बटण पुन्हा दाबलं, तर एकाच खेपेच्या दोन नोंदी होतात. इथं कोरिलेशन आयडी मदतीला येत नाही, कारण दुसऱ्या मेसेजचा आयडी वेगळाच असतो. मेसेजच्या मजकुरात तोडचिठ्ठी नंबर आणि खेप नंबर हवेत, आणि तीच जोडी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरनं नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यायला हवं.

तोडचिठ्ठी नंबर उत्तरातही परत मागा. पावती छापण्याआधी तो ताडून बघणं हे दोन ओळींचं काम आहे. त्या रात्रीनंतर मी ही तपासणी कुठल्याच प्रोग्राममधून वगळलेली नाही.

शोधायला कुठून सुरुवात करायची

रिप्लाय क्यूची खोली बघा. कुणी वाट बघत नसताना ती शून्य असायला हवी. हळूहळू वाढत असेल तर बेवारस उत्तरं साचतायत. 'एएमक्यूएसबीसीजी' हा नमुना प्रोग्राम मेसेज न काढता त्यांचे डिस्क्रिप्टर हेक्ससकट दाखवतो. तिथला कोरिलेशन आयडी आणि आपल्या लॉगमधला प्रश्नाचा मेसेज आयडी शेजारी शेजारी ठेवा. पूर्ण सारखे असतील तर चूक गेटमध्ये आहे. अर्धे सारखे असतील तर कुणीतरी स्ट्रिंग केलीय. काहीच सारखं नसेल तर उत्तर देणाऱ्याकडे जा. दोन उत्तरांचा कोरिलेशन आयडी एकच असेल तर पुटकडे जा.

एकच क्लायंट आणि झटपट उत्तर, अशा चाचणीत यातलं काहीच सापडत नाही. दोन प्रश्न टाका, सर्व्हरकडून उत्तरं उलट्या क्रमानं द्यायला लावा. मग एक उत्तर मुद्दाम टाइमआउटपेक्षा दोन सेकंद उशिरा पाठवा आणि लगेच तिसरा प्रश्न विचारा.

आम्ही ही चाचणी त्या पहाटे काट्याच्या खोलीत बसून केली. तोवर रिप्लाय क्यू रिकामी करून घेतली होती आणि पावत्या हातानं चालू होत्या. उजाडल्यावर शेती विभागातून तोडचिठ्ठ्या आणवल्या, गाडी नंबर लावून एकेक पावती ताडली, चुकलेल्या रद्द करून नव्या दिल्या, आणि ड्रायव्हरनं नवी पावती हातात घेतल्यावरच त्याची गाडी ऊस टाकायच्या गव्हाणीकडे सोडली.