कॅम्परव्हॅनमध्ये बाहेरच्या जोडणीशिवाय राहणं: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

बाहेरून वीज, नळ, ड्रेनेज काहीही न जोडता गाडीत राहायचं म्हणजे वीज आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशोब रोज जुळवायचा. परदेशी याद्या समोर ठेवून तो मांडला की हमखास फसतो. तिकडे चिंता हीटरची असते. आपल्याकडे घाम, पंखा, उन्हाळ्यात धापा टाकणारा फ्रिज आणि चार महिन्यांची ओल. म्हणून आमचा पहिला आग्रह एकच: गाडीसाठी एकही वस्तू विकत घेण्याआधी घरातच चार दिवस मोजमाप करा, आणि तेही एप्रिल-मे महिन्यात.

पाण्यासाठी २० लिटरचे जार भरून ठेवा. पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ सगळं त्यातूनच. फ्लश आणि कपडे तेवढे वगळा. विजेसाठी प्लगमध्ये बसणारा छोटा एनर्जी मीटर मिळतो. लॅपटॉपचा चार्जर, राउटर, मिक्सर त्यावर लावून २४ तासांत किती वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे बिलातलं एक युनिट) गेले ते वहीत लिहा. पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्या, त्या दिवशी माणूस जपून वागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा आकडा खरा.

दोघं राहणारे आणि दोघंही लॅपटॉपवर काम करणारे असतील, तर मे महिन्यातला हिशोब साधारण असा पडतो. ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ६०० वॅट-अवर खातो (हाच फ्रिज डिसेंबरात इगतपुरीला ३५० मध्ये भागतो). २० वॅटचे दोन पंखे दहा तास चालले की ४००. दोन लॅपटॉप, ५० वॅट, सहा तास: ६००. दिवे, फोन, राउटर, पाण्याचा पंप मिळून पावणेदोनशे. बेरीज १,७५० च्या पुढे. १२.८ व्होल्टच्या २०० एएच (अ‍ॅम्पियर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत २,५६० वॅट-अवर मावतात, त्यातले ८५ टक्के वापरायचे धरले तर जेमतेम सव्वा दिवस निघतो. इन्व्हर्टरची नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जवळपास दुप्पट एएच आणि कितीतरी पट वजन. पैसे कमी असतील तर लिथियम १०० एएचच घ्या आणि फ्रिज पुढच्या वर्षावर टाका. लेड-अ‍ॅसिड घेऊन वाचवलेले पैसे वाचत नाहीत.

छतावर ४०० वॅटचं सोलर आडवं बसवलं तर एप्रिलच्या स्वच्छ दिवशी १,७०० च्या आसपास, डिसेंबरात १,२०० ते १,३००, आणि जुलैतल्या मुसळधार दिवशी ३००-४०० वॅट-अवर मिळतात. पॅनलचं उत्पादन २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के घटतं. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर जातं, म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका. खालून वारा जाईल अशी ३-४ सेंटिमीटरची फट ठेवून ब्रॅकेटवर बसवा. दुसरा चोर म्हणजे सावली. छतावरच्या पंख्याच्या उघड्या झाकणाची हातभर सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. झाडाखाली आणि घोडबंदर रोडसारख्या टॉवरांच्या रांगेत गाडी लागणार असेल तर पॅनलच्या वायरा समांतर (पॅरलल) जोडा, एक सावलीत गेलं तरी दुसरं चालू राहतं.

पावसाळ्यात सोलरवर भिस्त ठेवायचीच नाही. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करणारा ३० अ‍ॅम्पियरचा डीसी-डीसी चार्जर तासाला साधारण ४०० वॅट-अवर भरतो; दोन तासांच्या प्रवासात ८०० येतात. बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटर स्वतःहून व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे जुना रिले (इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून चालत नाही, डीसी-डीसीच हवा.

सगळ्यात जास्त बिघाड वायरिंगमध्ये होतात, म्हणून इथे जरा थांबू. १२ व्होल्टवर करंट मोठा असतो आणि वायर लहान पडली की व्होल्टेज गळतं. इंजिनपासून मागच्या बॅटरीपर्यंत ५ मीटर अंतर असेल तर जायची-यायची मिळून वायर १० मीटर होते. त्यातून ३० अ‍ॅम्पियर गेले की ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये १.३ व्होल्ट गळतात, १६ स्क्वेअर एमएममध्ये ०.३३. घरगुती वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन सवयीने ४ स्क्वेअरच ओढतो, कारण २३० व्होल्टला ती भरपूर होते. फ्रिजचंही तेच. बॅटरी ६० टक्के भरलेली, तरी पहाटे तीनला फ्रिज बंद आणि लाल दिवा लुकलुकतोय: ही तक्रार ऐकली की आम्ही आधी सिगरेट लायटरचं सॉकेट पाहतो. सॉकेट ढिलं, मागची वायर १.५ स्क्वेअर, आणि फ्रिजचं बॅटरी-संरक्षण ‘हाय’ वर. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. सॉकेट काढून ४ स्क्वेअरची स्वतंत्र वायर आणि १५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज द्या, संरक्षण ‘लो’ वर आणा. बहुतेक वेळा एवढ्याने प्रश्न मिटतो.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. लिथियमचा शॉर्टसर्किट करंट प्रचंड असतो, तिथे स्टिरिओसाठी मिळणारा काचेचा फ्यूज लावू नका. क्लास-टी (मोठा शॉर्टसर्किट करंटही तोडणारा फ्यूज) सर्वांत चांगला. १,००० वॅटच्या इन्व्हर्टरला १२५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज आणि ३५ स्क्वेअर एमएमची केबल. लग (केबलच्या टोकाला बसणारी तांब्याची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतो, तापतो आणि आग तिथूनच लागते. मीटरच्या हिशोबाने जाड तांब्याची केबल आणि लग मुंबईच्या लोहार चाळीत मिळतात. बॅटरी इंजिनलगत किंवा उन्हाच्या बाजूच्या बंद पेटीत ठेवू नका. बंद गाडी उन्हात तापली की बॅटरीची बीएमएस (आतली संरक्षण-यंत्रणा) चार्जिंग थांबवते, आणि नेमकं भर दुपारी, ऊन असताना.

एसीचा मोह सोडा. छोटा १२ व्होल्टचा एसीसुद्धा ५००-६०० वॅट ओढतो. आठ तासांना चार युनिटच्या पुढे. वर मांडलेल्या बॅटरीत ते बसत नाही. उकाड्यात माळशेज किंवा भंडारदऱ्याच्या उंचीवर चढा, रात्रीचा फरक अंगाला कळतो.

आता पाणी. दमट हवेत रोजची अंघोळ टाळून चालत नाही, घामोळं आणि नायटा दोन आठवड्यांत गाठतात. पण बादली लागत नाही. शेती-सेवा केंद्रात मिळणारा ५ लिटरचा हातपंपाचा फवारा घ्या, कोरा, कधीही औषध न भरलेला. एकाची अंघोळ ५-६ लिटरमध्ये नीट होते. पिण्याला माणशी ३ लिटरपेक्षा जास्त, स्वयंपाक आणि भांड्यांना दोघांत ६. एकूण २२-२४ लिटर. १०० लिटरची टाकी चार दिवस पुरते, आणि १०० लिटर म्हणजे १०० किलो, हे विसरू नका. टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, जितकी खाली तितकी चांगली. पिण्याचा २० लिटरचा जार वेगळा ठेवा. टाकी दर दोन-तीन महिन्यांनी धुवायची: लिटरमागे १ मिलि या प्रमाणात ५ टक्क्यांचं बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट घालून टाकी भरा, पंप सुरू करून नळापर्यंत ते पाणी आणा, चार तासांनी सगळं सोडून द्या आणि दोनदा साध्या पाण्याने खळखळून घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. चिकट थर आधी पंपाच्या गाळणीत दिसतो, म्हणून गाळणी उघडून बघायची सवय ठेवा.

पाणी कुठे भरायचं यावर आमचं मत ठाम आहे. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आहेत, त्यांचं पाणी आपल्या शहरांत येतं, आणि एप्रिल-मे महिन्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे लागतात. मुरबाडच्या काही गावांतही तेच. अशा दिवसांत गावच्या विहिरीवर किंवा हातपंपावर गाडी लावून टाकी भरणं बरोबर नाही, कुणी नाही म्हणत नसलं तरी. घरून भरून निघा, पुढे पेट्रोल पंपावर किंवा मुक्कामाच्या रिसॉर्टवर पैसे देऊन भरा. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात काही बोअरचं पाणी मचूळ असतं. टाकीत घेण्याआधी ओंजळभर चाखा.

संडासाचं थोडक्यात. पाण्याच्या कॅसेट संडासाची, म्हणजे खालून काढून नेता येणारी, २० लिटरची टाकी दोघांना तीन दिवस पुरते, मग ती ड्रेनेजला जोडलेल्या संडासातच रिकामी करायची, नाल्यात कधीही नाही. आम्हाला कोरडी, लघवी वेगळी करणारी सोय जास्त पटते: लघवीचा कॅन रोज रिकामा, घन भागावर कोकोपीट. कोकोपीट कुठल्याही नर्सरीत विटेच्या आकारात मिळतं. पावसाळ्यात ते ओलं राहून वास मारतं, तेव्हा मूठभर जास्त घाला आणि छोटा १२ व्होल्टचा पंखा लावून हवा बाहेर काढा.

स्वयंपाकाला गॅसच परवडतो. इंडक्शन १,२०० वॅटवर ४० मिनिटं चाललं की इन्व्हर्टरच्या गळतीसह ९०० वॅट-अवर गेले, दिवसाची निम्मी वीज. ५ किलोचा छोटा सिलिंडर दोघांना तीन आठवडे सहज जातो, घरगुती १४.२ किलोचा गाडीत वापरू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतून हवाबंद आणि तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, तेही बॅटरीपासून आणि सायलेन्सरपासून लांब. प्रत्येक जोडणीवर साबणाचा फेस लावून पाहायचा, खराब रस्त्याच्या प्रवासानंतर पुन्हा.

झोपताना इंजिन, जनरेटर किंवा शेगडी काहीही चालू ठेवायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला. कारण निघालं जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि तळाशी एलपीजीचा अलार्म, दोन्ही हवेत. बजेट कापायचं असेल तर उशा-पडद्यांचं कापा.

सगळं बसवून झालं की टाक्या भरून, सामान ठेवून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. कळंबोलीला, तुर्भ्याला ट्रकसाठी काटे आहेतच. पुढचं चाक आणि मागचं चाक वेगवेगळं काट्यावर घेऊन अ‍ॅक्सलवारी वजन काढा, नंतर आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. १२ मिमीच्या आठ-बाय-चारच्या मरीन प्लायचा एक ताव २५ किलोच्या आसपास भरतो. सुताराने हौसेने सहा ताव वापरले की दीड क्विंटल तिथेच. मागचा अ‍ॅक्सल जड झाला तर कसाऱ्याच्या किंवा बोरघाटाच्या उतारावर ब्रेक तापतात आणि टायर आतून फाटतात.

कागदपत्रांचं दुर्लक्ष करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सीटा काढून बेड बसवणं हा बदलच. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यानुसार मंजुरी असलेल्या बिल्डरकडून काम करून घ्या आणि आरसीवर नोंद होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. विमा कंपनीला लेखी कळवा. शिवाय गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा: उंच छताची व्हॅन अडीच मीटरच्या वर जाते, छतावरचा पंखा धरून आणखी. सोसायटीचं पोडियम पार्किंग तिथेच बाद होतं.

पावसाळा ही खरी परीक्षा. छताला पाडलेल्या प्रत्येक भोकावर ब्यूटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन उन्हात सुटतं. मे अखेरीस पाइपने छतावर अर्धा तास पाणी मारा आणि आत कोरड्या टिश्यूने कोपरे टिपत फिरा. टिश्यू ओला निघाला त्या जागेच्या थोडं वर गळती शोधा, पाणी पत्र्याच्या घडीतून वाहत येऊन भलतीकडे टपकतं. गादी सरळ प्लायवर टाकली तर दोन आठवड्यांत खालून काळी बुरशी धरते. पट्ट्यांची फळी वापरा आणि दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवा. पाऊस असला तरी छताचा पंखा मंद गतीवर हवा बाहेर ओढत राहू दे आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी. बंद गाडीत दोन माणसांचा श्वास सकाळपर्यंत काचांवरून ओघळतो.

रात्रीच्या जागेबद्दल. येऊर आणि कर्नाळा ही वनखात्याची हद्द, तिथे मुक्काम नाही. समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका, भरतीला चाकं रुततात आणि कारवाई होते ती वेगळी. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, निघण्याआधी बातम्या पाहा. माळशेजात दरडीच्या कड्याखाली किंवा नदीच्या पात्रालगत कधीच थांबू नका; वरच्या डोंगरात झालेला पाऊस खाली तासाभरात पोचतो. कुणाच्या शेतात थांबायचं तर उजेड असताना मालकाला विचारा, पैसे ठरवा, आणि गावच्या पोलीस पाटलाला गाडीचा नंबर व किती रात्री मुक्काम ते सांगून ठेवा. रात्री कुणी काच वाजवली तर त्यांचं नाव सांगता येतं, आणि गरज पडली तर ११२ आधी तेच पोचतात.